पाच वर्षे चालेल म्हणजे काय?

सुट्टी जवळ आली की आपल्या शाळेतल्या बऱ्याच छात्रांच्या घरी एकच मागणी पोचते : गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर. मागणीला जोडून एक आश्वासनही येते, "एकदाच घ्या, मग पाच वर्षे बघायला नको." दुकानदारही तेच सांगतो. आमच्या भिलाईत, सुपेल्याच्या बाजारात, ते हिंदीत ऐकू येते, "पाँच साल टेन्शन नहीं." ज्या आईवडिलांना ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांतला फरक ठाऊक नसतो, ते या एका वाक्यावर साठ-सत्तर हजार रुपये मोजतात.

हे वाक्य खोटे नाही, पण त्याला फारसा अर्थही नाही. कॉम्प्युटर बंद पडणे आणि कॉम्प्युटर कमी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडण्याबद्दल कंपनी वॉरंटी देते. कमी पडण्याबद्दल कोणी वॉरंटी देत नाही आणि देऊही शकत नाही, कारण ते आपण यंत्रावर कोणते काम टाकणार यावर ठरते. म्हणून "किती वर्षे चालेल?" हा प्रश्न सोडून द्यावा आणि "कोणते काम, आणि त्या कामाला यातला कोणता भाग आधी कमी पडेल?" असा प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या पैशांसाठी ते गरजेचे आहेच. शिवाय उद्या ज्यांच्या हाती वाहने, शस्त्रे आणि रेडिओ संच येणार आहेत, त्या मुलांसाठी हा चांगला सरावही आहे.

मी भिलाईच्या कुरुद भागात राहतो आणि माझी सारी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेली. आमच्या या पोलादाच्या गावात असा विचार रोजचाच आहे. पोलाद बनवण्याच्या कन्व्हर्टरला आतून उष्णतारोधक विटांचे अस्तर असते. ते किती वर्षे टिकले असे कोणी विचारत नाही. किती हीट झाल्या, म्हणजे त्यात किती वेळा पोलाद तयार केले, ते विचारतात. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीचे पोलादी कवच दीर्घकाळ उभे राहते. आतले अस्तर मात्र झिजते, आणि काही वर्षांनी भट्टी थांबवून ते नवे बसवावे लागते. त्यामुळे "भट्टीचे आयुष्य किती?" याला एका आकड्यात उत्तर नाही, कवचाचे आयुष्य वेगळे, अस्तराचे वेगळे. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. त्यातही काही भाग कवचाचे आहेत आणि काही अस्तराचे.

टिकणे आणि पुरेसे असणे यांतला फरक पाहायचा तर छात्रांनी मिग-२१ आठवावे. १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले. बासष्ट वर्षांची ही सेवा एकाच न बदलणाऱ्या यंत्राची नव्हती. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्याच्या पुढच्या आवृत्त्या बांधल्या, आणि अखेरच्या 'बायसन' रूपात जुन्या विमानांवर नवे रडार व नवी क्षेपणास्त्रे चढवली. तरीही त्या विमानाच्या नाकात मावेल तेवढेच रडार आणि पंखांखाली पेलेल तेवढाच भार, ही मर्यादा शेवटपर्यंत राहिली. सुधारणा किती करता येतील हे सांगाड्याने ठरवले. कॉम्प्युटर घेतानाही हीच दोन खाती डोळ्यांसमोर ठेवावीत : नंतर काय बदलता येईल, आणि त्या बदलाला मर्यादा कोण घालणार.

सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड पाहू, कारण गेमच्या कॉम्प्युटरमधला बहुधा सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर जुना होणारा भाग तोच. कार्ड दोन प्रकारे कमी पडते. एक म्हणजे उतारावरून. दरवर्षी नवे गेम जड होत जातात, आपण सावल्या कमी करतो, दूरची झाडे पुसट करतो, आणि गेम चालत राहतो. असा उतार वर्षानुवर्षे सहन होतो. दुसरा प्रकार कड्यावरून पडण्याचा. एक दिवस गेम सुरूच होत नाही.

उताराचे उदाहरण म्हणजे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०. ते २०१६ मध्ये आले आणि नव्या गेमसाठीची ड्रायव्हर सुधारणा त्याला थेट ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाली. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती मिळेल. मधल्या दर्जाच्या कार्डाने नऊ वर्षे काढली. पण त्याच नावाने ३ जीबी आणि ६ जीबी मेमरीची दोन कार्डे विकली गेली. कार्डाची मेमरी म्हणजे शिपायाची पाठपिशवी : सामान मावते तोवर चालण्याचा वेग ठरलेला, मावेनासे झाले की मागे वळून वळून आणावे लागते आणि प्रत्येक पावलाला खोळंबा. ३ जीबीवाल्यांची पिशवी कितीतरी आधी भरली. नाव एकच असले तरी आयुष्य वेगळे निघाले.

कड्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ चे कार्ड त्या काळी वरच्या टोकाचे होते आणि त्याला ११ जीबी मेमरी होती. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्सवरचा नवा गेम आला, आणि मे २०२५ मध्ये 'डूम' मालिकेतला 'द डार्क एजेस'. दोन्हींना रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची सोय कार्डातच असावी लागते. १०८० टीआयमध्ये ती नाही. ताकद होती, मेमरी होती, पण हवी ती सोयच नव्हती. पैसे जास्त मोजले म्हणून कडा टळत नाही. म्हणून कार्ड घेताना "किती वेगवान?" याच्याबरोबरच "मेमरी किती, आणि आजच्या गेमना लागणारी कोणती सोय यात नाही?" हे विचारावे.

कडा कधी येणार याचा एक ठोकळ अंदाज मात्र बांधता येतो. मोठे गेम टीव्हीला जोडण्याच्या गेमयंत्रांसाठीही, म्हणजे कन्सोलसाठीही बनतात. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आले, प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये. मध्ये सात वर्षे. नवे कन्सोल आले की दोन-तीन वर्षे गेम जुन्या आणि नव्या दोघांसाठी निघतात, मग जुन्याची साथ सुटते. प्लेस्टेशन ५ मध्ये वेगवान एसएसडी होती. पुढे २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफील्ड'ने कॉम्प्युटरवरही एसएसडी आवश्यक ठरवली, साधी हार्ड डिस्क चालणार नाही असे सांगितले. तेव्हा कार्ड विकत घेण्याआधी एवढे पाहावे : सध्याच्या कन्सोलची पिढी नवी आहे की उतरणीला लागली आहे? पिढीच्या सुरुवातीला घेतलेले बेताचे कार्ड पुष्कळदा पिढीच्या शेवटी घेतलेल्या महागड्या कार्डाइतकीच वर्षे देते.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी. गेमपुरता तो सावकाश म्हातारा होतो, पण त्याला कडा बाहेरून येतो. विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादी ठरवली आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय-७ ७७०० के हा त्या वेळचा घरगुती वापरातला अव्वल प्रोसेसर त्या यादीत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेला, किमतीने कितीतरी कमी असलेला आय-३ ८१०० मात्र आहे. नऊ महिन्यांच्या अंतराने स्वस्तातला आत राहिला आणि महागातला बाहेर. जास्त पैसे देऊन वर्षे विकत घेता येतात ही समजूत किती तकलादू आहे, ते यावरून दिसते. प्रोसेसर घेताना तो किती मोठा आहे याच्या जोडीला तो कोणत्या पिढीचा आहे हे पाहावे, आणि मागच्या पिढीतला 'मोठा' स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नये.

आता काम म्हणजे नेमके काय, तेही मोजता येते. कार्डावरचा भार पडद्यावर ठरतो. १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० बाय १४४० वर सुमारे ३६ लाख ८६ हजार, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. शिवाय सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. एकच कार्ड पहिल्या मॉनिटरवर सहा वर्षे पुरेसे वाटेल आणि तिसऱ्यावर पहिल्याच दिवशी धापा टाकेल. म्हणून आधी मॉनिटर ठरवावा आणि मग कार्ड. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कार्ड घेऊन झाले की उरलेल्या पैशांत मॉनिटर येतो, किंवा मॉनिटर भपकेबाज घेतला जातो आणि कार्डाची दमछाक होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण इथे अंथरूण म्हणजे खिसा आणि पाय म्हणजे पडदा, हे लक्षात ठेवावे.

कवचाच्या भागांत मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि मॉनिटर येतात. मदरबोर्डाने पुढची वाट उघडी ठेवावी. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर बसले आणि २०२२ मध्ये आलेला ५८०० एक्स-३डी सुद्धा बायोसची सुधारणा करून अनेक जुन्या बोर्डांवर चालला. याउलट इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या बोर्डावर सॉकेटचे नाव तेच असूनही अधिकृतपणे चालत नव्हता. तेव्हा बोर्ड घेताना पुढची पिढी यावर बसेल असे कंपनीने जाहीर केले आहे का, हे पाहावे. रॅम दोन पट्ट्यांत घ्यावी आणि बोर्डावर चार खाचा असल्या तर दोन मोकळ्या ठेवाव्यात.

पॉवर सप्लायवर मात्र कधीही काटकसर करू नये. पालक इथेच पैसे वाचवू पाहतात, कारण तो पडद्यावर दिसत नाही. चांगल्या पॉवर सप्लायला सात, कधी दहा वर्षांची वॉरंटी मिळते. ग्राफिक्स कार्डाला आपल्याकडे साधारण तीन वर्षांची. म्हणजे एका पॉवर सप्लायच्या आयुष्यात दोन-तीन कार्डे होऊन जातील. आज पुरतो म्हणून हलका घेतला, तर कार्ड बदलताना तोही बदलावा लागतो, आणि बिघडला तर सोबत दुसऱ्या भागालाही घेऊन जाऊ शकतो.

आता आपल्या भागाची आणि आपल्या मुलांची खास अडचण. छात्र घरी कधी असतो? मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. भिलाईत, नागपुरात, सगळ्या विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. कॅबिनेटचा पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तितकीच जास्त तापते, आणि ठरावीक मर्यादेला ती स्वतःच वेग कमी करते. मुलगा म्हणतो "कार्ड जुने झाले". खरे म्हणजे कार्ड तापलेले असते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरबद्दल एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी कमी ठेवले तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. आमच्या या लोखंड-सिमेंटच्या पट्ट्यात धूळही भरपूर. म्हणून जाळीदार, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट, सुट्टीच्या पहिल्या दिवशी झटकलेली धूळ, आणि वाळ्याच्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर न येईल अशी जागा, या तीन गोष्टी पुढच्या दर्जाच्या कार्डाइतक्याच उपयोगी आहेत. खर्च मात्र नगण्य.

दुसरी अडचण कॅलेंडरची. समजा ७५ हजारांचा कॉम्प्युटर घेतला आणि मुलगा वर्षातून ७५ दिवस घरी असतो. पाच वर्षांचे ३७५ दिवस झाले, म्हणजे दिवसाला २०० रुपये. घरीच राहणाऱ्या मुलाने तोच कॉम्प्युटर वर्षातले ३०० दिवस वापरला तर दिवसाला ५० रुपये पडतात. वापरला नाही म्हणून कॉम्प्युटर तरुण राहत नाही. वॉरंटीचे महिने कापडाखाली झाकलेल्या यंत्राचेही सरतात, आणि नवे गेम आपल्या सुट्टीची वाट पाहत थांबत नाहीत. आठवीत घेतलेले भारी यंत्र बारावीला चार वर्षांचे होते. त्यातून मुलगा एनडीएला निवडला गेला तर पुढची तीन वर्षे तो खडकवासल्याला आणि यंत्र पुन्हा कुरुदलाच.

म्हणून छात्रांच्या घरी माझा सल्ला असा : कवच चांगले घ्यावे, अस्तर साधे. उत्तम पॉवर सप्लाय, हवेशीर कॅबिनेट, पुढची वाट उघडी ठेवणारा मदरबोर्ड, पुरेशी रॅम, एसएसडी, आणि ग्राफिक्सची सोय आतच असलेला प्रोसेसर. अभ्यास, प्रोग्रॅमिंग, बुद्धिबळ आणि हलके गेम यावर सहज होतात. भारी कार्डाची जागा रिकामी राहू द्यावी. ज्या वर्षी मुलाला खरोखर वेळ असेल, त्या वर्षी त्या वर्षीचे कार्ड आणून बसवावे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. थांबले की वस्तू स्वस्त होते, हे नेहमी खरे नसते. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा आणि क्रिप्टोचलनाचे वेड यांमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले. ज्यांनी "रॅम नंतर वाढवू" म्हटले त्यांना ते महागात पडले. हे मान्य. म्हणून मी सगळेच पुढे ढकला असे म्हणत नाही. ठरवलेल्या कामाला आज जेवढे लागते तेवढे आजच पूर्ण घ्यावे. न ठरवलेल्या, उद्याच्या काल्पनिक कामासाठी आज पैसे गुंतवू नयेत. बाजार कोणत्या दिशेने जाईल हे मला सांगता येत नाही, आणि "पाच साल" म्हणणाऱ्या दुकानदारालाही.

दुसरा आक्षेप मुलांचा. "सगळ्यांकडे भारी आहे." हा तांत्रिक आक्षेप नाही, पण खोटाही नाही. सुट्टीत मित्रांबरोबर खेळता आले पाहिजे ही इच्छा योग्य आहे. तिचे उत्तरही कामातच सापडते. मित्र नेमका कोणता गेम खेळतात त्याचे नाव विचारा, त्याची किमान आणि शिफारस केलेली गरज गेमच्या पानावर छापलेली असते, ती पाहा. मुले सोबतीने जे स्पर्धात्मक गेम खेळतात ते मुद्दाम साध्या यंत्रांवर चालतील असे बनवलेले असतात, कारण त्यांना खेळाडूंची गर्दी हवी असते. दिवाळीला येणाऱ्या एखाद्या भव्य गेमसाठी पाच वर्षांची तरतूद करण्याची गरज नसते.

तेव्हा छात्रांनो, घरी फोन करण्याआधी वहीचे एक पान घ्या आणि चार ओळी लिहा. मी कोणते तीन गेम खेळणार आणि कोणते दुसरे काम करणार. कोणत्या पडद्यावर, सेकंदाला किती चित्रांनी. वर्षातून किती दिवस. आणि शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची : कोणत्या दिवशी मी हा भाग कमी पडला असे मानेन. उदाहरणार्थ, "या तीनपैकी एखादा गेम सर्वांत खालच्या मांडणीवरही ६० चित्रे देईनासा झाला, तर कार्ड." अशी अट आधी लिहिलेली असली की नवी जाहिरात पाहून जुना भाग 'कमी' वाटत नाही. मोहिमेआधी उद्दिष्ट लिहायचे, मग साहित्य मागायचे, हा क्रम तुम्हाला शाळेत शिकवतातच.

पालकांनी ते पान मागावे. पान आले नाही तर पैसे थांबवावेत, आणि पान आले तर मागणीची थट्टा न करता ते घेऊन दुकानात जावे. दुकानदाराला वर्षे विचारू नयेत. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावे, "या कामाला यातला कोणता भाग पहिला कमी पडेल, आणि तो एकटा बदलता येईल का?" जो दुकानदार या प्रश्नाचे उत्तर भागाचे नाव घेऊन देईल, त्याच्याकडून घ्यावे.